सिदूनानांनी वाचलेले दिवे

मंडळी, मागं दारात उभे आहात ते पुढं या. सतरंजीवर जागा आहे. आज कुणी परकं नाही.

मला भाषण येत नाही, हे आधीच सांगतो. माझं नाव पाटणकर. मी सांगलीचा, पंपाच्या कारखान्यात ड्रॉइंग काढतो. रेघ मारायला सांगा, मारीन. शब्द काढायला सांगितला की पेन्सिल अडते. काल रात्री चार ओळी लिहिल्या होत्या, त्या सकाळी कोरेगाव स्टेशनवर उतरल्यावर फाडून टाकल्या. त्यात ‘थोर’ असं लिहिलं होतं मी. सिदूनानांना तो शब्द आवडला नसता. ते म्हणाले असते, “सायेब, थोर म्हंजे किती? माप सांगा.”

तेव्हा मी मापातच बोलतो. वहिनी, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे नानांना सायकलवाले म्हणून ओळखता. पंक्चर, ओव्हरॉइलिंग, चाकाची आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणं. कोरेगावात नानांनी चाक सरळ केलं नाही अशी सायकल नसेल. मूळचे म्हसवडच्या बाजूचे. वाडवडील मेंढरं राखायचे. नाना फौजेत गेले, तिथल्या वर्कशॉपात वायरलेसचे सेट दुरुस्त करायला शिकले, पेन्शन घेऊन आले आणि इथं दुकान टाकलं. एवढं तुम्हाला माहीत आहे. पण नानांनी सायकलच्या दिव्यांची शेकडो पेटंटं वाचली होती, हे किती जणांना माहीत आहे? हात वर करू नका. मला ठाऊक आहे, फार नसतील.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. एक माणूस आमच्या कारखान्याच्या गेटवर आला. डोक्याला फेटा, हातात पत्र्याचा डबा. म्हणाला, “हितं चित्रं काढनारं सायेब कोन हाईत? मला एका दिव्याचं चित्र पायजे. सरकारला धाडायचं हाय.”

मी बाहेर आलो. त्यांनी डबा उघडला. आत सायकलचा दिवा, त्याला जोडलेले दोन बॅटरीचे सेल आणि मधे हातानं केलेली एक चिमुकली कळ. डायनामो तुम्हाला माहीत आहे, चाकाला घासून फिरतो तो. चाक फिरलं की वीज, चाक थांबलं की अंधार. नानांच्या दिव्यात चाक थांबलं की ती कळ आपोआप पडायची आणि दिवा सेलवर चालू राहायचा.

मी विचारलं, “हे सुचलं कसं?”

ते म्हणाले, “मला न्हाई सुचलं. आमच्या शिस्टरला सुचलं.”

कुसुम सिस्टर इथं बसल्या आहेत. बाळंतपणाला सायकलवरून गावोगाव जाणाऱ्या. त्या नानांच्या दुकानात येऊन म्हणाल्या होत्या, “नाना, रस्त्यानं दिवा लागतो, पण रस्ता मला पाठ आहे. मी दारात थांबते तेव्हा दिवा जातो. पायरी कुठं, कुत्रं कुठं, दाराची कडी कुठं, काही दिसत नाही. मला दिवा पाहिजे तो थांबल्यावर!” बरोबर ना, सिस्टर? नानांनी मला हे शब्दन् शब्द सांगितलं होतं.

मी चित्र काढून दिलं. पण माझी खोड अशी की मी विचारलं, “नाना, हे आधी कुणी केलं नाही ना?”

“कोन कशाला करतंय? शिस्टर हितली, अंधार हितला.”

तरी म्हटलं, बघून येऊ. पेटंट म्हणजे काय, तर शोध लावणाऱ्यानं आपला, आधी कुणी न केलेला शोध चित्रासकट, कसा केला ते न लपवता, सरकारकडं लिहून द्यायचा. बदल्यात त्या देशात काही वर्षं तो दुसऱ्या कुणी करायचा नाही. मुदत संपली की तो सगळ्यांचा. मुंबईच्या एका ग्रंथालयात परदेशी पेटंटांचे जाडजूड खंड आहेत असं मी ऐकून होतो. एकेका पेटंटाचा दहा-पंधरा ओळींचा सारांश आणि शेजारी बारीकसं चित्र. आम्ही दोघं गेलो.

नानांचं इंग्रजी फौजेतलं. बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचे. ‘सब्स्टॅन्शियली’ हा शब्द पानोपानी. मला विचारलं, “म्हंजे काय?” मी म्हटलं, “बहुतेक करून.” नाना म्हणाले, “मग ह्यास्नी पक्कं कायच म्हाईत न्हाई व्हय?” मला एवढं हसू आलं की तिथला शिपाई येऊन उभा राहिला. दुपारी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून वहिनींनी बांधून दिलेल्या भाकरी खाल्ल्या. त्या शिपायालाही एक दिली नानांनी. त्यानंतर तो स्वतःच खंड काढून आणून द्यायचा.

दुसऱ्या दिवशी नानांचं बोट एका पानावर थांबलं. मी वाकून बघितलं. तोच दिवा. तेच दोन सेल. कळसुद्धा तीच, फक्त आडवी बसवलेली. आणि वर तारीख होती, ती नानांच्या जन्माच्याही आधीची.

मंडळी, दोन वर्षं त्या माणसानं दुकान सांभाळून त्या कळीवर घालवली होती. मला त्यांच्याकडं बघवेना. ते उठले, बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आले, धोतराच्या सोग्याला पुसलं. मला वाटलं, आता म्हणतील, चला गाडीला. ते पुन्हा बसले. म्हणाले, “सायेब, ह्या गड्यानं केला न्हवं दिवा? मग त्यो दिवा गेला कुठं? माझ्या दुकानात कवा आला न्हाई. साताऱ्याच्या बाजारात न्हाई, पुन्यात न्हाई. शोध लागला, मग दिवा का न्हाई?”

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माझं नशीब. नाना म्हणाले, दिवा का नाही? त्या दिवसापासून नाना शोध लावायचे थांबले आणि वाचायला लागले. दीड-दोन वर्षं वाचत होते. दर दोन-तीन महिन्यांनी मुंबई. जमेल तेव्हा मीही जायचो. सायकलच्या दिव्यावर जे जे सापडेल ते उतरवून आणायचं. कागद कुठला? लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. वहिनींनी गल्लीतल्या सगळ्या घरांतून पत्रिका गोळा केल्या. वहिनी तेव्हा म्हणायच्या, “लगीन लोकांचं, आन् सौंसार ह्या दिव्यांचा!” एका पत्रिकेवर एक पेटंट. चार रकाने. अडचण काय. उपाय काय. कुणी केला, कवा केला. आणि चौथा रकाना, उणीव.

दुकानात मागच्या भिंतीवर एक जुनी रिम टांगलेली तुम्ही बघितली असेल. स्पोकांच्या मधे कागद खोचलेले. गिऱ्हाइकांना वाटायचं, बिलं आहेत. ती बिलं नव्हती, मंडळी. एकेका फटीत एकेका अडचणीची पेटंटं होती. उजेड वाढवायचा, त्यांची एक फट. डायनामो हलका फिरावा, त्यांची एक. काच आणि आरसा यांची एक. मागच्या लाल दिव्याची एक. आणि थांबल्यावर दिवा लागावा, त्यांची एक.

मी एकदा दुकानात गेलो तर नाना त्या चाकाकडं बघत स्टुलावर बसलेले. म्हणाले, “ह्या चाकाला आऊट हाय. दिसतीय का?”

मला दिसली नाही. त्यांनी दाखवली. उजेड वाढवायच्या फटीत कागद मावत नव्हते. वर्षामागून वर्षं, त्याच त्या चार मोठ्या कंपन्या, थोडाथोडा फरक. “हितं समदे एकमेकांच्या अंगावर पडत्यात.” आणि थांबल्यावरच्या दिव्याची फट बघा. एका काळात भराभर दहा-बारा कागद, आणि पुढं एकदम काही नाही. त्या दहा-बारांत कंपनी एकही नाही. सगळी एकेकटी माणसं, एकेकच शोध. “आली आन् परत गेली. का गेली?”

मग ते चौथा रकाना वाचून दाखवायला लागले. एकानं लिहिलं होतं, आधीच्या दिव्यात रस्त्याच्या धक्क्यानं कळ उडते, म्हणून मी कळ बदलली. दुसऱ्यानं पुन्हा कळच बदलली. तिसऱ्यानंही कळ. पण जाता जाता प्रत्येकाच्या लिहिण्यात एक गोष्ट यायची, सेल संपतो, सेल गळतो, सेल पुन्हा भरता येत नाही. नाना म्हणाले, “समदी कळीच्या मागं लागली. रोग सेलाला व्हता. त्या वक्ताला भरता येनारा बारका सेल जगात न्हवता. तवा ह्यो शोध मेला न्हाई, सायेब. त्यो एका वस्तूची वाट बघत बसलाय. ती वस्तू आता आली हाय. मी फौजेत वायरलेसच्या सेटात बघितलीय.”

मी तेव्हा काय केलं, सांगतो. आज सांगायलाच आलोय.

मला ते पटलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा दुसरंच होतं. मी आणि सांगलीचा माझा एक मित्र, आम्ही नोकरी सोडून स्वतःचा कारखाना टाकायचं ठरवत होतो. बाजारात सगळ्यांत जास्त उजेडाचा डायनामो काढायचा. मला हवे होते नानांचे हात. तसं तार गुंडाळणं, तसा बेअरिंगचा नेम माझ्या माहितीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. मी म्हटलं, नाना, चला माझ्याबरोबर.

त्यांनी मान हलवली. त्या गच्च भरलेल्या फटीवर बोट ठेवलं. म्हणाले, “ह्या गल्लीत लय गर्दी हाय. तुमी घुसाल, पर हलायला जागा मिळायची न्हाई. त्यातली कैक पेटंटं अजून जित्ती हाईत. आन् उजेड वाढवलासा तर पॅडल जड जानार, घाटाच्या उताराला बल्ब उडनार. हे ह्यांच्याच कागदावर लिवलंय.”

ते शांतपणे बोलले होते. मी नाही. मी म्हटलं, “तुम्ही मेलेल्या माणसांचे कागद वाचत बसा, नाना. काही करून दाखवायची धमक राहिली नाही तुमच्यात.”

दुकानात गिऱ्हाईक होतं. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. वहिनी, तुम्ही ऐकलंत ते. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. नानांनी काय केलं? पाना उचलला आणि गिऱ्हाइकाचं चाक आवळायला बसले. मी चहा न घेता निघालो.

नोकरी सोडली. डायनामो काढला. उजेड होता, खोटं नाही सांगत. पण पॅडल जड गेलं. आणि उतारावर बल्ब उडाले. नंतर एका मोठ्या कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं, की आमचा एक भाग त्यांनी आपल्या देशातही घेतलेल्या चालू पेटंटात बसतो. कुठलं पेटंट, तर ते नानांच्या चाकात होतं. माझ्याच हातानं मी त्याचं चित्र त्या पत्रिकेवर उतरवून दिलं होतं. दीड वर्षात कारखान्याला कुलूप लागलं. मित्र मुंबईला गेला. मी महिनाभर घराबाहेर पडलो नाही. जुन्या कारखान्यानं पुढं परत घेतलं, पण तेव्हा ते विचारायलाही तोंड नव्हतं.

आणि एक दिवस दारात नाना. कोरेगावहून आलेले, हातात तोच पत्र्याचा डबा. मला वाटलं, आता बोलतील. बोलायचा त्यांचा हक्क होता. ते पायरीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “चल गड्या. चित्र काढायचं हाय.”

तोवर मी त्यांचा ‘सायेब’ होतो, मंडळी. त्या दिवशी पहिल्यांदा ‘गड्या’ म्हणाले.

डब्यात नवा दिवा होता. आपोआप पडणारी ती कळ नव्हतीच. कळीच्या जागी रेडिओवाल्याकडं मिळतो तो मुगाएवढा डायोड, वीज एकाच बाजूला जाऊ देणारा. पुण्याच्या जुन्या बाजारात हुडकून आणलेले, पुन्हा भरता येणारे तीन सेल. चाक फिरलं की डायनामो सेल भरणार, चाक थांबलं की भरलेल्या सेलवर दिवा राहणार. हलणारं काही नाही, धक्क्यानं उडणारं काही नाही. माझ्या घरातली सायकल अंगणात उलटी करून आम्ही चाक फिरवलं आणि हातानं थांबवलं. दिवा राहिला. माझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “अरे, बंद कर की तो, भर दुपारी!” आम्ही बंद केला नाही.

पेटंट घेतलं का, असं तुम्ही विचाराल. मीही म्हटलं, आता तरी घ्या. नाना पुन्हा मुंबईला गेले, नवे खंड वाचले आणि परत येऊन म्हणाले, “परदेशात एकानं डायोड घातलाय. आपल्या देशात न्हाई घेतलेलं त्यानं, आपून दिवं करायला मोकळं. पर माझं म्हनून सही करायला मी मोकळा न्हाई.” आणि सही केली नाही.

तालुक्यातल्या अकरा सिस्टरांना नानांनी दिवे करून दिले. त्यानंतर पुण्याच्या एका कंपनीचा इंजिनिअर आला. कुणाकडून तरी ऐकून. दिवा बघितला आणि मग तासभर ते चाकच बघत बसला. म्हणाला, “आम्ही कुठल्या दिव्यात पैसा घालावा, हे ठरवायला आमच्याकडं पाच जण बसतात, त्यांनाही असं मांडता आलं नाही.” नानांना विचारलं, “शिक्षण किती?” नाना म्हणाले, “सातवी. फुडचं ह्या चाकानं शिकवलं.”

इंजिनिअर खूश. म्हणाला, आम्ही हा दिवा काढतो. इथं मला वाटलं, आता नानांचे दिवस आले. तर नानांनीच त्याला थांबवलं. म्हणाले, “सायेब, ह्यो कागूद वाचा.” आपल्या स्वतःच्या दिव्याचीही एक पत्रिका करून त्यांनी चाकात खोचली होती. अडचण, उपाय, कुणी, कवा. आणि चौथ्या रकान्यात लिहिलं होतं, सेल लय महाग. हितं बनत न्हाई. जुन्या बाजारातलं सेल किती दिस पुरनार? अजून धा-पंधरा वर्सं थांबावं लागंल. तवर डायोड स्वस्त हुतील, सेल बी हुतील. रस्ता बरुबर हाय, येळ झाली न्हाई.

इंजिनिअर रिकाम्या हातानं गेला. मी नानांवर चिडलो, पुन्हा एकदा. म्हटलं, स्वतःच्या दिव्याची उणीव स्वतः कशाला दाखवायची? नाना म्हणाले, “दुसऱ्यांची समदी लिवली. माझी सोडली तर चाकाला आऊट न्हाई का यायची?”

गेल्या वर्षी छातीचं दुखणं सुरू झालं. साताऱ्याच्या दवाखान्यात मी दोनदा जाऊन बसलो. दोन्ही वेळा मनात धरून गेलो होतो, की त्या दिवशी दुकानात जे बोललो त्याची माफी मागायची. दोन्ही वेळा आम्ही मागच्या लाल दिव्यावरच बोलत राहिलो. ती फट जवळजवळ रिकामी आहे, त्याची त्यांना फार चिंता. “माणूस मरतोय ते मागनं येनाऱ्या गाडीखाली, आन् ही समदी फुडं उजेड पाडत बसल्यात. तू बघ जरा.” मी म्हटलं, बघतो. आणि उठलो. माफी राहिली. तुमच्यापैकी कुणाची राहिली आहे का अशी? राहिली असेल, आणि तो माणूस अजून असेल, तर आज इथून उठून सरळ त्याच्याकडं जा.

परवा वहिनींनी ते चाक माझ्या हवाली केलं. म्हणाल्या, “ह्यातलं मला काय कळतंय? तुमी घिऊन जावा.” मी कागद सोडवायला बसलो. उजेड वाढवायच्या त्या गच्च फटीत, सगळ्यांत आत, एक पत्रिका होती. अक्षर नानांचं.

अडचण, उजेड कमी. उपाय, डायनामोची गुंडाळी वाढवली. कुणी, पाटणकर, सांगली. खाली तारीख होती, माझ्या दारात आले त्याच्या आदल्या दिवसाची.

मला चौथा रकाना वाचायचा धीर होईना. त्यांनी सांगितलेलं सगळं खरं ठरलं होतं. पॅडल जड गेलं, बल्ब उडाले, पेटंट आडवं आलं. काय लिहिलं असेल? मंडळी, उणीव या रकान्यात नानांनी तीनच शब्द लिहिले होते.

‘मी संगं न्हवतो.’

माझी चूक होती. त्यांनी ती आपल्या नावावर लिहून ठेवली, चाकात खोचली आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन सांगलीची गाडी धरली.

एकच सांगतो. वहिनींच्या परवानगीनं ते सगळे कागद मी इथल्या वाचनालयात ठेवतोय. ज्याला बघायचे त्यानं बघावेत. कुलूप नाही. आणि वहिनी, तुमच्या दारात मी जे बोललो होतो, त्याची माफी आज या सगळ्यांसमोर तुमच्याकडं मागतो.

आता उभं राहू या. ज्यांना गुडघ्यानं जमत नसेल त्यांनी बसूनच राहावं, नानांनीच सांगितलं असतं तसं. दोन मिनिटं कुणी काही बोलू नये.

नाना, पाटणकराचा रामराम घ्या.